अतिवृष्टीचं अनुदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, गोदावरी पात्र सोडून रानात शिरल्या. त्यानंतरचे काही महिने केंद्रासमोरची रांग हटली नाही. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असायचे. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिलं आहे. दर आणि अटी बदलत राहतात. म्हणून जिथे आकडा दिला आहे तिथे तो कोणत्या काळातला हेही लिहिलं आहे, तेवढं बघून घ्या.

नुकसान लाखाचं झालं आणि खात्यात आले सात हजार. ही कसली भरपाई?

ही भरपाई नाहीच. घोळ या शब्दापासूनच सुरू होतो. आपण भरपाई म्हणतो, पेपरवालेही तेच छापतात, पण शासन निर्णयात शब्द असतो ‘निविष्ठा अनुदान’. म्हणजे गेलेल्या पिकाची किंमत नव्हे, तर पुढचं पीक उभं करायला बी-खताचा हातभार. एकरी उतारा किती आला असता, बाजारात भाव काय होता, मजुरीवर किती गेले, यातलं काहीच या हिशोबात धरत नाहीत. धरतात फक्त तीन गोष्टी: बाधित क्षेत्र, पीक कोणत्या प्रकारचं, आणि नुकसान ठरलेल्या टक्क्याच्या वर आहे की नाही.

केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेले दर असे: कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला, म्हणजे फळबागांना, २२,५००. हे एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत. कोरडवाहूचा दर एकरावर आणला तर सुमारे ३,४०० रुपये होतो आणि गुंठ्यावर आणला तर ८५. ८५ रुपये गुंठा! हा हिशोब मी पहिल्यांदा एका आजोबांना कागदावर मांडून दाखवला, तेव्हा ते नुसते हसले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

मग २०२२ ला जास्त कसे मिळाले होते?

तेव्हा राज्याने स्वतःची भर घातली होती. २०२२ च्या पावसाळ्यात राज्य सरकारने दर वाढवून कोरडवाहूला १३,६००, बागायतीला २७,००० आणि बहुवार्षिकला ३६,००० केले, आणि मर्यादा दोनऐवजी तीन हेक्टरची केली. नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळीलाही हेच दर लागले. मे २०२५ च्या अखेरीस शासन निर्णय काढून पुन्हा केंद्राचे दर आणि दोन हेक्टरची मर्यादा आणली. त्यानंतर चार महिन्यांत एवढा मोठा पूर आला.

७ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात मूळ दरावर रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १०,००० रुपये वाढवून दिले आणि मर्यादा तीन हेक्टरची केली. म्हणून कोरडवाहूचा आकडा १८,५००, बागायतीचा २७,००० आणि फळबागेचा ३२,५०० असा सांगितला गेला.

थोडक्यात, केंद्राचा दर हा पाया आहे आणि राज्याची भर त्या-त्या वर्षीच्या निर्णयावर असते. गेल्या वर्षी मिळाले म्हणजे यंदा तेवढेच मिळतील असं धरून उसनवारी करू नका.

१८,५०० सांगितले आणि ८,५०० च्या हिशोबानेच आले. बाकीचे कुणी खाल्ले?

बहुतेक वेळा कुणी खाल्लेले नसतात. मूळ मदत आणि रब्बीचे दहा हजार वेगवेगळ्या निर्णयांतून, वेगवेगळ्या वेळी जमा झाले. तिसऱ्या हेक्टरचे पैसेही ज्यांना लागू होते त्यांना नंतर आले. उदाहरण घ्या: सोयाबीन १ हेक्टर २० आर, म्हणजे तीन एकर, सगळं बाधित. मूळ मदत १०,२००, रब्बीची १२,०००, मिळून २२,२००. पण पासबुकात या दोन वेगळ्या नोंदी दिसतील आणि त्यांच्यात बरेच दिवसांचं अंतर असू शकतं. आधी पासबुक भरून आणा, मग भांडू. केंद्रावर येणाऱ्या निम्म्या तक्रारी पासबुक छापल्यावर मिटतात.

३३ टक्क्यांची अट म्हणजे नेमकं काय?

पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेलं असेल तरच मदत. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती, त्या वर्षी ती खाली आणली. ३३ च्या वर गेल्यावर मात्र ३५ टक्के गेलं काय आणि शंभर टक्के गेलं काय, हेक्टरी दर एकच. तुमचं सगळं वाहून गेलं आणि शेजाऱ्याच्या निम्म्याच शेंगांना कोंब फुटले, तरी दोघांना सारखेच पैसे मिळू शकतात ते यामुळे. हे अन्यायाचं वाटतं, आणि मला विचाराल तर आहेच. पण पंचनामा करणाऱ्याने पक्षपात केला असं त्यावरून म्हणता येत नाही.

टक्का ठरतो तो जागेवर, डोळ्यांनी बघून. म्हणूनच पंचनाम्याच्या वेळी बांधावर तुम्ही स्वतः असणं फार गरजेचं. पाणी ओसरल्यावर वरून हिरवं दिसणारं सोयाबीन आतून गेलेलं असतं. कापसाची खालची बोंडं सडलेली असतात आणि वरची पांढरी दिसतात. तूर तर दोन-तीन आठवड्यांनी उधळते, पाहणीच्या दिवशी ती टवटवीत असते. झाड उपटून मूळ दाखवा, बोंड फोडून दाखवा. रस्त्यावरून बघणाऱ्याला हे दिसत नाही.

पंचनामा कोण करतं?

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, असे तिघं मिळून. आता तिघांचीही पदनावं बदलली आहेत: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी. अर्जावर नवी नावं लिहा, बोलताना भाऊसाहेब म्हटलं तरी चालतं.

आमच्या गावात ढगफुटीसारखा पाऊस झाला, पण मंडळात अतिवृष्टीची नोंदच नाही. असं कसं?

अतिवृष्टी ही गावाची नसते, महसूल मंडळाची, म्हणजे काही गावांच्या मिळून केलेल्या गटाची असते. मंडळातल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. पर्जन्यमापक तुमच्या गावापासून काही किलोमीटरवर असतो. पाऊस तर एका शिवारात धो धो आणि ओढ्यापलीकडे कोरडा ठाक, हे आपण दर वर्षी बघतो. त्यामुळे मोजमापात तुमच्या गावाचा पाऊस हरवू शकतो.

पण इथेच हात टेकू नका. तीन वाटा उरतात.

पहिली वाट पुराची. वरच्या भागात पाऊस झाला, धरणाचे दरवाजे उघडले, नदी-ओढ्याचं पाणी तुमच्या रानात आलं, तर तुमच्या मंडळात किती मिलिमीटर पडला हा प्रश्न येत नाही. पूर ही स्वतंत्र आपत्ती आहे. अर्जात ‘अतिवृष्टी’ एवढंच न लिहिता ‘नदीच्या पुराचे पाणी शिरून’ असं लिहा, खरं असेल तर.

दुसरी वाट सततच्या पावसाची. एका दिवसात ६५ झाला नाही, पण आठवडाभर सूर्यच दिसला नाही आणि रान चिबडलं, ही तक्रार जुनी होती. राज्याने २०२३ मध्ये सततचा पाऊस ही राज्यापुरती आपत्ती म्हणून मान्य केली. तिचा मुख्य निकष सलग पाच दिवस दररोज किमान १० मिलिमीटर पाऊस असा आहे, आणि सोबत सरासरीशी तुलना व पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांकही बघतात.

तिसरी वाट गारपीट, अवकाळी, वीज यांची. गारपीट केंद्राच्या यादीत आहे, अवकाळी पाऊस आणि वीज कोसळणं राज्याच्या यादीत. यांना ६५ मिलिमीटरचं माप लागत नाही.

ई-पीक पाहणी केली नव्हती. गेलं का सगळं?

गेलंच असं नाही, पण वाट अवघड झाली. पंचनामा उभ्या पिकाचा होतो, पण कागद पुढे सरकताना सातबाऱ्यावरच्या पीक नोंदीशी ताळा लावला जातो. सातबारा म्हणजे दोन नमुने: सातमध्ये मालक कोण, बारामध्ये पीक कोणतं आणि ते जलसिंचित की अजलसिंचित. ऑगस्ट २०२१ पासून बारावरची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची आहे. रानात कपाशी आणि सातबाऱ्यावर गेल्या वर्षीचं सोयाबीन, किंवा कोरा रकाना, असं दिसलं की शंका निघते.

शेतकऱ्याची मुदत संपल्यावर गावपातळीवरच्या सहायकाकडून राहिलेल्या गटांची नोंद होते, त्याच्याकडे तुमचा गट नंबर घेऊन जा. आणि एक बारीक गोष्ट: विहीर-बोअर असूनही नोंद अजलसिंचित पडली, तर बागायतीच्या दराऐवजी कोरडवाहूचा दर लागू शकतो, म्हणजे निम्मे पैसे. नोंद करताना सिंचनाचा रकाना घाईत पुढे ढकलतात लोक. मीही माझ्या घरच्या गटाला एकदा तेच करून बसलो होतो.

व्हीके नंबर म्हणजे काय आणि तो कुठे मिळतो?

तहसीलमधून बाधितांची यादी पोर्टलवर चढली की प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक पडतो, तोच हा व्हीके नंबर. यादी तलाठ्याकडे येते, बहुतेक गावांत ग्रामपंचायतीवर लागते किंवा गावाच्या ग्रुपवर फिरते. या नंबरावरून केंद्रावर आधारने ई-केवायसी, म्हणजे अंगठा लावून ओळख पटवणं, होते आणि पैसे कुठवर आले तेही बघता येतं.

ई-केवायसी करताना पडद्यावर तुमचं नाव, गट, बाधित क्षेत्र, बँक आणि रक्कम दिसते. अंगठा लावण्याआधी ते वाचा किंवा केंद्रचालकाला मोठ्याने वाचायला सांगा. क्षेत्र ८० आरचं ८ आर झालं असेल तर तिथेच तक्रार नोंदवायची सोय आहे, ती तहसीलदारांच्या लॉगिनला जाते. एकदा ‘मान्य’ म्हणून अंगठा दिल्यावर पुढे दुरुस्ती करायला चपला झिजतात.

फार्मर आयडी काढला आहे. तरी ई-केवायसी लागते का?

२०२५ च्या मदतीत ज्यांचा शेतकरी ओळख क्रमांक तयार आणि मंजूर होता त्यांना वेगळ्या ई-केवायसीतून सूट दिली होती. मात्र त्या आयडीत तुमचे सगळे गट जोडलेले हवेत. पुष्कळांनी काढताना एकच गट जोडला आणि दुसऱ्या गावातली जमीन राहून गेली.

ई-केवायसी झाली, यादीत नाव आहे, पण खात्यात पैसे नाहीत.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

आधी हे समजून घ्या की मदत तुम्ही दिलेल्या पासबुकाच्या खात्यात जात नाही. ती आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. तुम्ही तलाठ्याकडे जिल्हा बँकेचं पासबुक दिलं, पण मध्ये कधीतरी मुलाने शहरात मोबाईलवरून नवीन खातं उघडताना आधार जोडलं, तर पैसे तिकडे गेले. गॅसची सबसिडी ज्या खात्यात येते तिथे आधी बघा. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघितलं की कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं, ओटीपी लागतो एवढंच. आधार खात्याला ‘लिंक’ असणं आणि पैसे घेण्यासाठी ‘सीडिंग’ असणं या दोन गोष्टी आहेत. बँकेतला माणूस ‘लिंक आहे’ म्हणतो आणि आपण परत येतो. त्याला स्पष्ट विचारा: डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट येणारे, पैसे या खात्यात येतील का?

खातं वर्ष-दोन वर्ष वापरलं नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं. पैसे येतात आणि परत फिरतात. शंभर रुपये भरून, केवायसीचा कागद देऊन ते सुरू करून घ्या आणि तहसीलच्या मदत शाखेत कळवा, म्हणजे पुढच्या फेरीत नाव जाईल.

नावातला फरक हे तिसरं कारण. सातबाऱ्यावर ‘रामा’, आधारवर ‘रामचंद्र’, बँकेत ‘रामचंदर’. माणूस एकच, संगणकाला तीन. आधार आणि सातबारा यांतलं नाव जुळवून ठेवणं हे पावसाळ्याआधीचं काम आहे, पण ते कुणी करत नाही. पूर आला की सगळे एकाच आठवड्यात आधार केंद्रावर.

आणि चौथं कारण, ज्यावर कुणाचाच इलाज नाही: निधी टप्प्याटप्प्याने येतो. तुमचं नाव दुसऱ्या-तिसऱ्या यादीत असू शकतं.

पंचनामा झाल्यापासून पैसे येईपर्यंत एवढा वेळ का लागतो?

गावचा पंचनामा तहसीलला जातो, तालुक्याचा गोषवारा जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून विभागीय आयुक्तांकडे, आणि मग मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे. तिथे निधी मंजूर करणारा शासन निर्णय निघतो. त्यानंतर यादी पोर्टलवर चढते, व्हीके नंबर पडतात, ई-केवायसी होते आणि डीबीटी सुटतं. वर्तमानपत्रात ‘मदत मंजूर’ छापून येतं ते साखळीच्या मधल्या कडीवर. आपण त्याच दिवशी पासबुक घेऊन बँकेत जातो.

पैसा येतो तो राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्यातले ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे असतात. हा निधी राज्याकडे असतोच, केंद्राचं पथक पाहणीला येतं ते जादा मदत मागितल्यावर. पथक आलं नाही म्हणून तुमचं अनुदान अडलं असं कुणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

बँकेने पैसे कर्जात वळते केले. चालतं का?

नाही. मदतीच्या शासन निर्णयांत नेहमी एक ओळ असते, की या रकमेतून बँकांनी कोणतीही वसुली करू नये. तरीही खातं ‘होल्ड’ केलेलं असतं आणि काउंटरवरचा माणूस सिस्टीमकडे बोट दाखवतो. तोंडी भांडण करून उपयोग नाही. त्या शासन निर्णयाची प्रत काढा, ती ओळ अधोरेखित करा, शाखा व्यवस्थापकाच्या नावाने अर्ज करा आणि पोच घ्या. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना. आमच्या गावात एकाच शाखेत अडकलेल्या अकरा जणांनी मिळून असा अर्ज दिला आणि होल्ड निघालं. एकट्या-दुकट्याने गेलेले तोवर नुसते चहा पिऊन परत येत होते.

जमीन वडिलांच्या नावावर आहे, ते वारले.

वारसनोंद करा. दुसरा सरळ रस्ता नाही. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज केला की फेरफार पडतो, मुदतीत कुणाची हरकत आली नाही तर मंजूर होतो. ते होईपर्यंत यादीत वडिलांचं नाव राहतं आणि अंगठा लावायला ते नाहीत, त्यामुळे रक्कम पडून राहते. तहसीलमध्ये लेखी कळवा, म्हणजे नाव ‘वारस प्रलंबित’ म्हणून बाजूला राहील आणि रद्द होणार नाही.

सातबारा सामाईक आहे, चार भावांचा.

एकाच्या नावावर घ्यायचं असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. नाहीतर हिश्श्याप्रमाणे. भाऊ पुण्याला, बहीण सासरी, चौथा बोलत नाही, अशा घरात संमतीपत्र म्हणजे पुरापेक्षा मोठी आपत्ती. बहिणींची सही घ्यायला लाजू नका आणि त्यांना न सांगता तर मुळीच घेऊ नका. त्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे म्हणजे हक्क आहे.

मी बटईने करतो. नुकसान माझं, पैसे मालकाला?

हो, कागदावर तसंच आहे. ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याच्या खात्यात. बी-खत कसणाऱ्याने घातलं तरी त्याची नोंद कुठेच नसते. या सगळ्या व्यवस्थेतलं हे सगळ्यात मोठं भोक आहे असं मला वाटतं, कारण पोटाला सगळ्यात जास्त त्याच्याच लागतं. जमलं तर पेरणीच्या वेळीच मालकाशी बोलून कागदावर लिहून ठेवा, की आपत्तीचं अनुदान आलं तर कसं वाटायचं. वनपट्टाधारकांची गोष्ट वेगळी, त्यांच्या नावे हक्काचा कागद आहे, त्यांनी तो घेऊन पंचनाम्यात नाव घालून घ्यावं.

पीक नाही, जमीनच वाहून गेली.

याचे दर वेगळे आहेत, हेही २०२५-२६ पर्यंतचे. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,००० रुपये. जमीन खरडून गेली, दरड कोसळली किंवा नदीने पात्र बदललं, तर हेक्टरी ४७,०००. केंद्राच्या नियमात हे ४७,००० अल्प आणि अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरपर्यंतवाल्यांना आहेत. २०२५ च्या पॅकेजमध्ये याशिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं आणि बुजलेल्या किंवा खचलेल्या विहिरीला ३०,००० रुपये जाहीर झाले होते. ‘रोजगार हमीतून’ हे शब्द नीट वाचा. ते तीन लाख रोख खात्यात येत नाहीत, कामाच्या रूपात येतात.

पंचनाम्यात पिकाचं नुकसान आणि जमिनीचं नुकसान वेगवेगळं लिहिलं आहे का ते बघा. नुसतं ‘पीक नुकसान’ लिहून मोकळे झाले तर माती गेल्याचा पुरावाच राहत नाही. आणि माती परत यायला हेक्टरी ४७,००० पुरत नाहीत हे सांगायला मी कशाला हवा.

गाय गेली, शेळ्या वाहून गेल्या. किती मिळतात?

२०२५-२६ पर्यंतच्या दरांनी दुधाळ गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये, ओढकाम करणारा बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. कोंबड्यांना नगाला १००, घरटी १०,००० पर्यंत. केंद्राच्या नियमात मोठ्या दुधाळ जनावरांना तीनची मर्यादा आहे, २०२५ च्या पॅकेजमध्ये राज्याने ती काढली होती.

पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा, शवविच्छेदनाचा कागद लागतो. कानात बिल्ला नसेल तर मदत नाकारली जाऊ शकते. बिल्ल्याचा नंबर मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कारण गाय वाहून गेली की नंबरही तिच्याबरोबर जातो.

घर पडलं तर?

२०२५-२६ पर्यंतच्या दरांनी, पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,०००, डोंगरी भागात १,३०,०००. थोडी पडझड असेल, किमान १५ टक्के, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. गोठ्याला ३,०००. माणूस दगावला तर घरच्यांना चार लाख.

माझं रान आठ-दहा गुंठेच आहे. अर्ज करून उपयोग आहे का?

आहे. किमान रक्कम ठरलेली आहे, २०२५-२६ पर्यंतच्या दरांत ती अशी: कोरडवाहूला १,०००, बागायतीला २,०००, बहुवार्षिकला २,५००. आठ गुंठ्यांचे हिशोबाने ६८० होत असले तरी हजाराच्या खाली येऊ नयेत. आले तर तक्रार करा. मात्र पोटखराब्याचं, म्हणजे लागवडीला न येणारं, आणि न पेरलेलं क्षेत्र धरत नाहीत.

पीक विमा आणि हे अनुदान एकच का? दोन्ही मिळतात का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही मिळू शकतात. अनुदान सरकारी निधीतून, त्याला हप्ता लागत नाही. विमा कंपनीकडून, त्याला हप्ता भरलेला असावा लागतो. राज्यात खरीप २०२३ पासून एक रुपयात विमा होता, तो २०२५ मध्ये बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता.

२०२५ च्या खरिपात आणखी एक मोठा बदल झाला, आणि तो गावात फार उशिरा कळला. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणी न होणं आणि काढणीनंतरचं नुकसान ही जोखीम राज्यातल्या योजनेतून काढून टाकली, फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर, आधारित विमा राहिला. म्हणजे ‘७२ तासांत कंपनीला कळवा’ ही सवय त्या हंगामात कामाची नव्हती. लोक पाण्यात उभे राहून टोल-फ्री नंबर लावत होते. दर हंगामात विमा भरताना यंदा कोणती जोखीम आहे ते विचारूनच पावती घ्या.

दोन हजार आले, ते हेच का?

नाही. ते पीएम किसान किंवा नमो शेतकरीचे.

एक माणूस म्हणतो, यादीत नाव घालून देतो, आलेल्यातले अर्धे दे.

नाव पंचनाम्यातून येतं, त्याच्या खिशातून नाही. आणि जो तुमचं नाव खोटं घालू शकतो तो तुमच्या गटावर दुसऱ्याचंही घालू शकतो. लाभार्थ्यांची यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकायची अशी सूचना शासन निर्णयांत असते. ती उघडून तुमच्या गावाची पानं वाचा. न पेरलेल्या गटांवर, कधी गावातच न राहणाऱ्यांच्या नावांवर रकमा दिसल्या तर तहसीलदारांकडे लेखी द्या. माहिती अधिकारात पंचनाम्याची प्रत मागता येते, दहा रुपयांचं तिकीट लागतं.

शेतात अजून गुडघाभर पाणी आहे. आज नेमकं काय करू?

मोबाईलवर स्थळ आणि वेळ उमटणारे फोटो काढा: एक लांबून, ज्यात ओळखीची खूण दिसेल, विहीर, झाड, विजेचा खांब. एक जवळून पिकाचा. बांध फुटला असेल तर त्याचा वेगळा. पाऊस उघडल्यावर रान मोकळं करायची घाई असेल तरी कोपऱ्यात दोन-चार ओळी तशाच ठेवा, पंचनाम्याला दाखवायला काहीतरी हवं. सातबारा आणि आठ-अ (तुमच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढून ठेवा, सातबाऱ्यावर यंदाचंच पीक आहे ना ते बघा. मग साध्या कागदावर अर्ज लिहा: नाव, गट नंबर, पीक, किती क्षेत्र, कोणत्या तारखेला पाणी आलं, कुठून आलं, जमीन-विहीर-जनावर काही गेलं का. तलाठ्याकडे एक प्रत, तहसीलला एक. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि तिच्यावर शिक्क्याबरोबर तारीखही आहे ना ते बघूनच तिथून निघा.